गोधडी शिकताना : कापड बेतणे आणि कापणे

चौकोनी तुकड्यांच्या गोधडीत टीप सरळ येऊनही कोपऱ्याला कोपरा लागत नाही, तेव्हा दोष बहुधा टिपेत नसतो. तो कापणीत असतो. एका चौकोनात दीड मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळतही नाही. आठ चौकोन एका ओळीत जोडले की त्याचे 12 मिलिमीटर होतात, आणि शेजारची ओळ नेमकी असेल तर दोन्ही ओळींचे सांधे एकमेकांना चुकवून जातात. म्हणून शिवणयंत्रापुढे बसण्याआधीचे काम सावकाश करावे लागते.

मोजमापाशिवायही उत्तम गोधडी होते, हे खरे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवताना कडेपासून सुरुवात करतात आणि हाती येईल तो तुकडा दुमडून, धावदोऱ्याने बसवत आत मध्यापर्यंत जातात. महाराष्ट्रातील वाकळही जुन्या साड्या-धोतरांचे थर देऊन आणि जमेल तसे तुकडे लावून होते. त्या पद्धतीत तुकडा जागेवर बसतानाच बेतला जातो आणि त्यासाठी सरावलेला हात लागतो. नवशिक्यासाठी मापाचे चौकोन हा सोपा रस्ता आहे, कारण त्यात बरेचसे निर्णय कापतानाच घेऊन होतात.

कापड सुती आणि साध्या विणीचे असावे: पॉपलिन, केंब्रिक, मध्यम जाडीची खादी. मलमल फार पातळ पडते, डेनिम जड होते, आणि टी-शर्टचे होजिअरी कापड ताणते, म्हणून पहिल्या गोधडीत ती तिन्ही टाळलेली बरी. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर सुतीत मिसळू नये. त्याला गरम इस्त्री सोसत नाही आणि त्याची घडी बसत नाही. शंका असेल तर कापड मुठीत घट्ट दाबून सोडावे. सुतीवर सुरकुत्या राहतात, मिश्र कापड बरेचसे सपाट होते. आणखी खात्री हवी असल्यास कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धाग्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी होतो.

जुन्या कपड्यांचा मोठा फायदा म्हणजे ते आटायचे तेवढे आटलेले असतात. मात्र झिजलेला भाग गोधडीत सर्वांत आधी फाटतो. सदऱ्याची पाठ आणि बाह्या घ्याव्यात; कॉलर, काखेजवळचा आणि कोपराजवळचा भाग सोडून द्यावा. साडी खिडकीसमोर उजेडात धरली की विरलेली जागा जाळीसारखी दिसते. तेथून चौकोन काढायचा मोह आवरावा, रंग कितीही आवडता असला तरी.

नवे कापड धुतल्याशिवाय कापू नये. नव्या सुती कापडात खळ असते, आणि पहिल्या धुण्यात ते मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटू शकते. न धुतलेले नवे आणि आटलेले जुने कापड शेजारी शिवले, तर गोधडीच्या पहिल्याच धुण्यात नवे आखडते आणि जुने फुगते. लाल, मरून, गडद निळा हे रंग विशेष तपासावेत: कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरे फडके दाबायचे आणि डाग पडतो का ते पाहायचे. पडत असेल तर स्वच्छ पाणी येईपर्यंत वेगळे धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो ही समजूत घरोघरी आहे, पण त्यावर विसंबू नये. तीन-चार धुण्यांनंतरही रंग जात असेल तर ते कापड या कामाचे नाही.

कापड किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. तिरकी इस्त्री ओढली की कापड तिरपे ताणते आणि कापलेला चौकोन पुढे पतंगासारखा होतो.

आता धागा. किनारीला समांतर जातो तो उभा धागा. तो सर्वांत कमी ताणतो. आडवा थोडा ताणतो, आणि कोनात जाणारा उरेब सर्वांत जास्त. चौकोनाच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यावरच याव्यात. दुकानातून आलेल्या कापडाची कापलेली कड क्वचितच सरळ असते. किनारीजवळ छोटा काप देऊन एक आडवा धागा हलकेच ओढला, की कापडावर बारीक चुणीची रेघ उमटते. त्या रेघेवरून कापावे. दोन्ही बाजूंची घट्ट विणीची किनार काढून टाकावी, कारण ती इतर कापडापेक्षा वेगळी आटते.

हिशेब एका साध्या गोधडीचा पाहू. शिवल्यावर 5 इंचांचा दिसणारा चौकोन हवा असेल, तर चारही बाजूंना पाव इंच माया धरून तो साडेपाच इंचांचा कापावा लागतो. आडवे 8 आणि उभे 10 असे 80 चौकोन जोडले की वरचा थर 40 बाय 50 इंच होतो (बाहेरच्या कडेची माया वेगळी). दोन रंग एकाआड एक लावायचे तर प्रत्येकी 40 चौकोन. 44 इंच पन्ह्यातून आटणे आणि किनार वजा जाता 42 इंच धरले, तर साडेपाच इंचांच्या एका पट्टीत 7 चौकोन बसतात. म्हणजे प्रत्येक रंगाच्या 6 पट्ट्या, 33 इंच. प्रत्येकी एक मीटर घेतले तर कड सरळ करायलाही वाव राहतो. अस्तर चारही बाजूंना 2 इंच मोठे, 44 बाय 54 इंच लागते. 58 इंच पन्ह्याचे सव्वा मीटर त्याला पुरते. 45 इंच पन्ह्याची जुनी साडी बेताची पुरते.

कापण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पुठ्ठ्याच्या साच्याचा. साच्याभोवती टोकदार पेन्सिलीने किंवा टेलरच्या खडूने रेघ मारायची. रेघ साच्याबाहेर पडत असल्यामुळे कात्री रेघेच्या आतल्या कडेवरून चालवावी. बाहेरून कापले तर प्रत्येक चौकोन रेघेच्या जाडीइतका वाढतो. पुठ्ठ्याचे कोपरे लवकर झिजतात, म्हणून साचा मधूनमधून बदलावा. कात्रीचे खालचे पाते टेबलाला टेकलेले राहू द्यावे आणि एका वेळी दोनच थर घ्यावेत.

दुसरा मार्ग फिरत्या पात्याच्या कटरचा. जपानच्या ओल्फा कंपनीने तो 1979 मध्ये बाजारात आणला आणि गोधडीकामाचा वेग बदलला. त्याला खास चटई आणि जाड ॲक्रिलिकची पट्टी लागते. आधी पूर्ण पन्ह्याच्या पट्ट्या, मग पट्ट्यांचे चौकोन, असा क्रम ठेवावा. पाते नेहमी अंगापासून दूर ढकलावे आणि प्रत्येक कापानंतर झाकावे. ते वस्तऱ्याइतके धारदार असते. मार्ग कोणताही असो, मोजपट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वापरावी. जुनी कापडी टेप ताणलेली असू शकते.

सगळे 80 एकदम कापू नयेत. आधी 4 चौकोन कापून, दोन-दोन जोडून शिवावेत. शिवलेला तुकडा साडेदहा इंच भरला पाहिजे. सव्वादहा भरला तर माया जास्त धरली जात आहे किंवा कापताना माप कमी पडले आहे. ते दुरुस्त करूनच पुढे जावे.

कापलेले चौकोन रंगाप्रमाणे रचून, उभा धागा एकाच दिशेला ठेवून, सपाट डब्यात ठेवावेत. सुटे चौकोन धुऊ नयेत. कडांच्या दशा निघतात आणि पाव इंचाची माया उरत नाही.