वैमानिकासमोरची काच
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ओझरच्या आकाशात विमानाचा आवाज झाला, की आम्हा नाशिककरांची मान आपोआप वर जाते. १९६४ साली तिथे मिग-२१ बांधण्यासाठी कारखाना उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई तिथेच तयार झाली. या विमानांतल्या एका साध्या वाटणाऱ्या वस्तूविषयी आज बोलतो. ती म्हणजे वैमानिकासमोरची काच.

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटिश लढाऊ दलाचे प्रमुख डाउडिंग यांनी बुलेटप्रूफ काचेची मागणी केली, तेव्हा अधिकारी हसले, असे सांगतात. शिकागोच्या गुंडांच्या मोटारींना अशी काच मिळते, मग माझ्या वैमानिकांना का नाही, असा त्यांचा सवाल होता. स्पिटफायर आणि हरिकेनला ती काच मिळाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले वैमानिक याच हरिकेनमधून लढले.

ही काच एकसंध नसते. काचेच्या थरांमध्ये प्लॅस्टिकचे मऊ पापुद्रे असतात. कठीण काच गोळीचे टोक चेपते, तिचा जोर पसरवते आणि स्वतः तडकते. पापुद्रा तुकडे धरून ठेवतो. काच उभ्या रेषेपासून साठ अंश कलती बसवली, तर समोरून येणाऱ्या गोळीला दुप्पट जाडी भेदावी लागते. तरीही 'बुलेटप्रूफ' हा शब्द जरा फसवाच. रायफलची गोळी अडते, तोफेचा गोळा अडत नाही.

मग सगळे छतच असे का करत नाहीत? कारण वजन. तीस बाय चाळीस सेंटिमीटरची, चार सेंटिमीटर जाड काच बारा किलो भरते. शिवाय जाड काच वक्र केली, तर लक्ष्य जागेवरून सरकलेले दिसते आणि नेम चुकतो. म्हणून समोर सपाट जाड काच, बाजूंना हलके ॲक्रिलिक आणि पाठीमागे पोलादी पत्रा, अशी वाटणी झाली. मिग-२१ मध्येही समोर अशीच जाड काच असे.

आज क्षेपणास्त्र दुरून येते, पण पक्षी समोरूनच येतो. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर किलोभर वजनाचा पक्षी आदळला, तर त्या धडकेत रायफलच्या गोळीच्या सुमारे दहापट ऊर्जा असते. मिग-२७ २०१९ मध्ये आणि मिग-२१ २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्याच २०२५ च्या ऑक्टोबरात ओझरला तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. विमान बदलले, तरी काचेपुढचा प्रश्न तोच आहे: वैमानिकाला दिसलेही पाहिजे आणि तो वाचलाही पाहिजे.