कापसाच्या आकड्यापासून क्रिप्टोच्या सट्ट्यापर्यंत

वसई-विरारच्या व्यापारी बांधवांना मटका हा शब्द नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा ठरू लागला. गिरणी कामगारांचे कित्येक पगार त्यात बुडाले. तोच आकडा आता नव्या वेषात मोबाइलमध्ये आला आहे. त्याला ‘प्रेडिक्शन मार्केट’ म्हणजे भाकितांचा बाजार म्हणतात. हा व्यापार की जुगार, हे ठरवण्यासाठी आधी त्याची रीत पाहू.

2020 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली पॉलिमार्केट ही यातील नावाजलेली कंपनी. तेथे प्रश्न मांडला जातो: अमुक उमेदवार जिंकेल काय? युद्धबंदी होईल काय? ‘होय’चा भाव 60 सेंट असेल तर ‘नाही’चा साधारण 40 सेंट. घटना घडली की ‘होय’वाल्याला एक डॉलर मिळतो, ‘नाही’वाल्याच्या हाती शून्य. व्यवहार डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात होतो. 2024 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर तेथे तीन अब्ज डॉलरहून अधिक उलाढाल झाली.

या भावांवरून लोकांचा अंदाज कळतो, असे समर्थक म्हणतात. ते काही अंशी खरेही आहे. पण निकाल कोण देतो? 2025 मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालतील काय, यावर कोट्यवधी डॉलर लागले. त्यांनी घातलेला पोशाख सूट आहे की नाही, यावर तंटा झाला आणि निकाल लागला तो एका क्रिप्टो नाण्याच्या धारकांच्या मतदानाने, ‘नाही’ असा. नालासोपाऱ्यातील एखाद्या शिंप्याला विचारले असते तर त्याने कापड, बेत आणि शिलाई पाहून सांगितले असते!

“व्यापारातही जोखीम असतेच ना?” असे काहीजण विचारतात. असते. वालीवच्या गाळ्यातील कारागीर पितळ विकत घेतो तेव्हा भाव पडण्याची जोखीम पत्करतो. पण त्याच्या हातून वस्तू घडते, गिऱ्हाईक ती वापरते, दोघांचाही लाभ होतो. भाकितांच्या बाजारात काहीच घडत नाही. एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा. कुरआनने सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत ज्या मैसिरला मनाई केली, तो हाच. उलट बय-ए-सलममध्ये पूर्ण किंमत आगाऊ देऊन माल, माप व मुदत ठरवली जाते; त्याला शरीअतने परवानगी दिली आहे.

देशाचा कायदाही स्वस्थ नाही. मुंबईच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात कापसाच्या भावावरील आणि पावसावरील पैजांचाही उल्लेख आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा संमत केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि त्यातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

जगाच्या बातम्या व्यापाऱ्याने जरूर वाचाव्यात. युद्ध होणार असे वाटले तर कच्चा माल वेळेवर भरावा, उधारी आवरावी. अंदाजाचा तो हलाल उपयोग आहे. दुकानाचे भांडवल मात्र दुकानातच राहू द्यावे, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाच्या मोबाइलकडे अधूनमधून लक्ष असावे, एवढीच आमची विनंती.