तेल गेलं, इंजिन वाचलं

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पत्नीला तपासणीसाठी डोंबिवलीहून ठाण्याला घेऊन निघालो होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून लोकलची गर्दी तिला झेपत नाही. त्यामुळे आमची जुनी, छोटी पेट्रोलची गाडी हाच आमचा आधार. शीळफाट्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत मुंगीच्या पावलानं सरकत असताना समोर तांबडा दिवा लागला. अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र! पण हा दिवा लागला की राक्षस येत नाही, गॅरेजचं बिल येतं. गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद केलं. थोड्या वेळानं डिपस्टिक ओढून पाहिली, तर तेल जेमतेम टोकाला लागलेलं.

गंमत अशी, की त्या इंजिनात दुकानातलं सर्वांत महाग सिंथेटिक तेल होतं. पाचच महिन्यांपूर्वी मी स्वतः ते निवडलं होतं.

त्या निवडीचीही कथा आहे. आमचा डोंबिवलीचा मेकॅनिक म्हणाला होता, "काका, गाडी जुनी झाली, दाट तेल टाका." ठाण्याचा दुकानदार म्हणाला, "साहेब, हे घाला आणि वर्षभर बॉनेट उघडू नका." मी दुसऱ्याचं ऐकलं.

मेकॅनिकचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ गाड्या तयार होत. त्या सुमारास मी बँकेत वाहनकर्जं मंजूर करत असे. तेव्हा रस्त्यावर पद्मिनी फियाट भरपूर, आणि अशा इंजिनांना २०डब्ल्यू-५० सारखं दाट तेल मानवायचं. आजच्या इंजिनांत तेलाच्या वाटा अरुंद असतात. त्यांना पातळ तेल लागतं. ५डब्ल्यू-३० यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल गार इंजिनात लवकर पोचतं. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं. पण इंजिनाच्या दृष्टीनं डोंबिवलीची सकाळही गारच.

मग सिंथेटिक कशासाठी? साध्या खनिज तेलात लहानमोठे, नाना तऱ्हेचे रेणू असतात. उष्णतेनं हलके रेणू उडून जातात, काहींचा चिकट गाळ होतो. सिंथेटिक तेलाचे रेणू बरेचसे एकसारखे, म्हणून ते उष्णतेला अधिक टिकतं. मात्र १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींवरून झालेल्या वादानंतर, खूप खोलवर प्रक्रिया केलेल्या खनिज तेलालाही 'सिंथेटिक' म्हणण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे डब्यावरच्या या शब्दावर सगळी भिस्त ठेवू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाटपणा आणि एपीआयची अक्षरं जुळवावीत. पेट्रोल गाड्यांसाठी 'एसएन' हा दर्जा २०१०चा, 'एसपी' २०२०चा.

हे सगळं मी वाचलं, पण शीळफाट्यानंतर! आणि कळलं, की मी घेतलेलं तेल पुस्तिकेबरहुकूम होतं. चूक तेलाची नव्हतीच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, इंजिन तेल जाळत होतं. सकाळी धुराड्यातून निळसर धूर निघायचा, तो मी पाहतही होतो. पण एवढं महाग तेल घातल्यावर काय होणार, या भरवशावर पाच महिने डिपस्टिकला हात लावला नाही.

बँकेत अशी कर्जं मी पाहिली आहेत. तारण भक्कम, म्हणून अधिकारी तपासणीला फिरकत नाही, आणि एक दिवस खातं बुडीत निघतं. अशा अधिकाऱ्यांना मी जाब विचारलेला आहे. त्या दिवशी जाब विचारायला शेजारच्या सीटवर पत्नी होती. ती काहीच बोलली नाही, हे अधिक लागलं. रिक्षानं जाऊन त्याच दर्जाचं तेल आणलं, खुणेपर्यंत भरलं. दिवा विझला. तपासणीची वेळ मात्र हुकली.

पुस्तिकेत आणखी एक ओळ होती. थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि सततची वाहतूककोंडी म्हणजे इंजिनाला कठीण काम. तेल लवकर बदला. घोडबंदर रस्ता, शीळफाटा, कल्याणचा पत्री पूल इथं रोज गाडी हाकणाऱ्यानं नुसते किलोमीटर मोजू नयेत. गाडी उभी असते, इंजिन राबतच असतं.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जागी गाडी उभी करून जुन्या बनियनचा बोळा घेऊन मी बॉनेट उघडतो. काडी पुसायची, पुन्हा घालायची, काढून पाहायची. दोन मिनिटांचं काम. वरून गॅलरीतून आवाज येतो, "अहो, बघितलंत का?"

"बघितलं," मी काडी उंचावून दाखवतो. मग चहा मिळतो.