नाव कापलं, आवाज उरला

शाळा-कॉलेजातली मुलं स्वतःच्या आयुष्यात घडलेलं स्वतःच सांगतात, असा पॉडकास्ट आपल्या जिल्ह्यात निघाला तर तो कुठून निघेल, यावर लिहा, असं संपादक म्हणाले. मला पहिल्यांदा आठवलं ते ९०.४ एफएम. रेडिओ नगर.

हे स्नेहालय संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र, २०११ पासूनचं. स्नेहालयाची ओळख नगरकरांना नव्याने करून द्यायला नको. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी शहरातल्या वेश्यावस्तीतल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी काम सुरू केलं. पुढे एचआयव्हीसह जगणारी मुलं, टाकून दिलेली बाळं, अत्याचारातून सुटलेल्या मुली, असं ते वाढत गेलं. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशांमध्ये इतकी वर्षं राहिलेल्या संस्थेने रेडिओ काढावा, हे मला फार रास्त वाटतं.

सामुदायिक रेडिओची चौकट लहान असते. सरकारने २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशा केंद्रांची दारं उघडली. साधारण शंभर वॉटची ताकद, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, आवाज पोचणार दहा-पंधरा किलोमीटर. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असं धोरण सांगतं. स्वतःच्या बातम्या द्यायला मात्र परवानगी नाही. आकाशवाणीच्या तेवढ्या लावता येतात. बातम्या वगळल्या की माणसांचं रोजचं जगणं उरतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांजवळ सांगण्यासारखं तेच तर असतं.

हे काम कसं करावं, याचा वस्तुपाठ अमेरिकेतले रेडिओ निर्माते जो रिचमन यांनी घालून दिला. १९९६ पासून त्यांनी मुलामुलींच्या हाती टेपरेकॉर्डर दिले आणि महिनोन् महिने जवळ ठेवायला सांगितले. तासन् तास ध्वनिमुद्रण व्हायचं, त्यातून काही मिनिटांचा कार्यक्रम निघायचा. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतली थेंबी न्गुबाने ही १९ वर्षांची मुलगी वर्षभर असा रेकॉर्डर घेऊन वावरली. तिला एचआयव्ही होता. वडिलांना ते सांगतानाचा प्रसंगही तिने टेप केला. २००६ मध्ये तिची डायरी प्रसारित झाली आणि जगभर ऐकली गेली. २००९ मध्ये, २४ व्या वर्षी, क्षयरोगाने ती गेली. थेंबीने स्वतःचं नाव लपवलं नाही. तिच्या धैर्यापुढे मी नमते; पण ती सज्ञान होती, आणि तिचा निर्णय तिचा होता. आपल्याकडच्या नववीतल्या मुलीचं तसं नाही.

ते नेमकं कुठे अडतं हे पाहायचं म्हणून मी पारनेर तालुक्यातल्या माझ्या भाचीला विचारलं. ती लगेच तयार झाली. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली तिची मैत्रीण परतली ती लग्न ठरवूनच. शाळेत पुन्हा आली नाही. त्यानंतर बाकावर एकटीने बसताना काय वाटलं, ते तिला सांगायचं होतं. पंखा बंद केला, डोक्यावरून गोधडी घेतली, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. पहिली दोन मिनिटं ती भाषण स्पर्धेतल्यासारखी बोलली. मग मध्येच थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, "तिची वही अजून माझ्याकडंच आहे." तिथून पुढचं सगळं खरं होतं.

कापायला बसलो तेव्हा खरी कसोटी लागली. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात; मैत्रिणीचं नाव म्हणजे त्यातला नखाएवढा तुकडा. तो उडवला. पण भाची हेडफोन काढून म्हणाली, "मावशी, मागं काकूनं हाक मारलीये बघ. त्यात माझंच नाव आलंय." तेही उडवलं. मग एसटीच्या वळणावरचा हॉर्न, शाळेची घंटा, देवळातल्या भोंग्यावरून सप्ताहाची वर्गणी सांगताना पुकारलेलं गावाचं नाव. एकेक काढत गेलो तशी गोष्ट कोरडी होत गेली, आणि शेवटी तिचा आवाज राहिलाच. तो गावात कोण ओळखणार नाही? दहा किलोमीटरच्या रेडिओचं मोठेपण आपलं माणूस बोलतंय हे लगेच कळण्यात आहे, आणि धोकाही नेमका त्यातच आहे. आवाज यंत्राने जाडा-बारीक करता येतो, पण मग तिच्या नाक ओढण्यातला जीवच जातो. मैत्रिणीला तर कुणी विचारलेलंही नव्हतं. आम्ही ते रेकॉर्डिंग कुणालाही पाठवलं नाही.

कायदा या बाबतीत कडक आहे, आणि असायलाच हवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मुलाच्या संमतीचं काय? अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने आपण पालकांची सही घेतो. गोष्ट वडिलांच्या दारूची किंवा आईने लपवलेल्या लग्नाच्या बैठकीची असेल, तर सही कुणाची घ्यायची?

आणि काळाचं काय? सामुदायिक रेडिओने प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावेत, एवढंच बंधन आहे. हवेतून गेलेला शब्द ज्याने ऐकला त्याने ऐकला. पॉडकास्ट इंटरनेटवर चढला की कुणीही उतरवून घेतो, व्हॉट्सअॅपवर ढकलतो. मागे घेतला तरी मागे येत नाही. पंधराव्या वर्षी रागाने किंवा धिटाईने सांगितलेलं पंचविसाव्या वर्षी सोयरिकीच्या बैठकीत कुणी मोबाईलवर वाजवून दाखवू शकतो. म्हणून अशी मालिका आधी हवेत जावी, इंटरनेटवर चढवायची की नाही ते त्या मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर ठरवावं, असं माझं मत आहे. दोन-तीन वर्षं थांबल्याने गोष्ट शिळी होत नाही.

सगळ्यात अवघड गाठ वेगळीच आहे. माईक सुरू असताना एखाद्या मुलीने सांगितलं की घरातलाच माणूस तिला लैंगिक त्रास देतो, तर ऐकणाऱ्याला गप्प बसता येत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे 'हे आपल्या दोघींत राहील' असं वचन रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंना देताच येणार नाही, आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी, मुलीला समजेल अशा शब्दांत सांगावं लागेल. त्यानंतर ती बोलेल का? काही जणी गप्प होतील, याची मला धास्ती वाटते. तरीही आधी सांगायलाच हवं. आणि जी बोलेल तिच्यासाठी त्याच दिवशी, त्याच इमारतीत समुपदेशक, निवारा आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत येणारं माणूस पाहिजे. हे ज्या संस्थेकडे नाही तिने मुलांसमोर माईक धरू नये. मला आधी ९०.४ आठवलं ते यामुळेच. त्या रेडिओच्या मागे असं काम वर्षानुवर्षं करणारी माणसं उभी आहेत.