औषधयोजना पुनरीक्षण

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची एकत्रित तपासणी करून त्यांतील प्रत्येक औषध आवश्यक, परिणामकारक व निर्धोक आहे किंवा नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांखेरीज दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके, जीवनसत्त्वे व वनस्पतिज औषधे यांचाही तीत विचार होतो. पाच किंवा अधिक औषधे नियमित घेणे यास सामान्यतः बहुऔषधसेवन म्हणतात. वृद्धांत ते विशेष आढळते. वाढत्या वयात वृक्कांची (मूत्रपिंडांची) उत्सर्जनक्षमता घटत असल्याने डिगॉक्सिनसारखे औषध पूर्वीच्याच मात्रेत विषारी ठरू शकते.

औषधाचा अनिष्ट परिणाम हा नवा रोग समजला जाणे, हा यातील सर्वांत फसवा प्रकार होय. उदा., रक्तदाबासाठी दिलेल्या ॲम्लोडिपीनमुळे घोट्यांवर सूज येते. तिच्यासाठी मूत्रल औषध सुरू होते. त्यामुळे पोटॅशियम घटते आणि त्याच्या भरपाईसाठी तिसरे औषध येते. प्रत्येक पायरी तर्कसंगत दिसते, चूक असते ती पहिल्या निदानात. एसीई-रोधक, मूत्रल व आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक ही तीन औषधे एकत्र घेतल्यासही वृक्कांना तीव्र इजा होण्याचा संभव असतो. यांपैकी तिसरे बहुधा रुग्णाने स्वतःच आणलेले असल्याने डॉक्टरांच्या नोंदीत आढळत नाही.

वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी मार्क बिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1991 मध्ये प्रसिद्ध केली. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉप-स्टार्ट निकषांत, देणे आवश्यक असूनही न दिलेल्या औषधांचाही विचार आहे. औषधे कमी करणे एवढाच पुनरीक्षणाचा हेतू नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

ऑस्ट्रेलियात या कार्यास संस्थात्मक रूप मिळाले. तेथे वृद्धनिवासांतील रहिवाशांसाठी 1997 पासून आणि घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी 2001 पासून सरकारी खर्चाने पुनरीक्षण होऊ लागले. गृहभेटीच्या पद्धतीत कुटुंबवैद्य रुग्णाच्या संमतीने प्रमाणित फार्मासिस्टकडे शिफारसपत्र पाठवितो. पत्रात निदाने, चालू औषधे, ॲलर्जी, वृक्ककार्याचे अलीकडील निष्कर्ष व पुनरीक्षणाचे नेमके कारण असावे लागते. ‘औषधे तपासावीत’ एवढ्याच मजकुराच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. फार्मासिस्ट घरी जाऊन कपाटातील, उशाजवळील व शीतकपाटातील औषधे प्रत्यक्ष पाहतो. एकच औषध दोन व्यापारी नावांनी घेतले जाणे, मुदत संपलेल्या गोळ्या, श्वसनमार्गे औषध घेण्याच्या उपकरणाचा चुकीचा वापर या गोष्टी दवाखान्यात सहसा उघडकीस येत नाहीत. त्याचा अहवाल सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो. रुग्णाशी चर्चा करून अंतिम निर्णय डॉक्टरच घेतो. प्रत्येक फार्मासिस्टमागे महिन्याला 20 भेटींची मर्यादा 2014 मध्ये घालण्यात आली; ती 2020 मध्ये 30 करण्यात आली. त्याच वर्षी रुग्णालयातील काही डॉक्टरांनाही शिफारस करण्याची मुभा मिळाली. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरच्या दिवसांतच जुन्या व नव्या गोळ्यांची सरमिसळ अधिक होत असल्याने हा बदल उचितच होता.

अनावश्यक ठरलेले औषधही एकाएकी थांबविणे नेहमीच इष्ट नसते. बीटा-रोधक अचानक बंद केल्यास हृदयशूळ बळावू शकतो, तर डायझेपाम दीर्घकाळ घेणाऱ्यास झटके येऊ शकतात. अशी औषधे मात्रा टप्प्याटप्प्याने घटवीत, शक्यतो एका वेळी एकच, बंद करतात.