मसुराएवढ्या लक्ष्याचा वेध

कंपवाताच्या रुग्णाला सुरुवातीची काही वर्षे लेव्होडोपाच्या गोळ्यांनी चांगला आराम पडतो. पुढे मात्र गोळीचा परिणाम लवकर ओसरतो. कधी शरीर जखडते, तर कधी हातपाय अनावर हलू लागतात. अशा निवडक रुग्णांसाठी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया केली जाते. मेंदूत खोलवर बारीक तार बसवून, छातीच्या त्वचेखालील यंत्राद्वारे तीतून विजेचे सूक्ष्म स्पंद सोडले जातात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे प्रा. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या उपचाराचा पाया घातला. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो रुजवला. आता अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयातही ही सोय असल्याने उपनगरातील रुग्णांना त्यासाठी दक्षिण मुंबई गाठावीच लागते असे नाही.

या शस्त्रक्रियेचे यश तार नेमक्या जागी पोहोचण्यावर अवलंबून असते. बहुधा हे लक्ष्य म्हणजे ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ हा भिंगाच्या आकाराचा पेशीपुंज. त्याची लांबी जेमतेम सहा मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी. तार दोन-तीन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकली, तरी शेजारून जाणारे स्नायूंचे मज्जातंतू उत्तेजित होऊन बोलणे अडखळते किंवा हात आखडतो.

हा दाणा शोधण्याच्या दोन रीती आहेत. घाटकोपरच्या गल्लीतील अनोळखी घर ‘देवळापासून डावीकडे दहा पावले’ अशा खुणेने सापडते, तशी पहिली रीत. मेंदूच्या मध्यभागी पुढे आणि मागे तंतूंचे दोन छोटे पूल स्कॅनवर स्पष्ट दिसतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला, चार खाली व तीन मागे मोजले की लक्ष्याचा अंदाज येतो. परंतु ही झाली सरासरी. प्रत्येकाच्या मेंदूची ठेवण निराळी असते.

म्हणून दुसरी रीत, प्रत्यक्ष पाहण्याची. या पेशीपुंजात लोहाचे प्रमाण अधिक असल्याने एमआरआयच्या ‘टी-टू’ चित्रात तो काळसर दिसतो. मात्र त्याला लागूनच असलेला ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ हा भागही काळसरच असल्याने सीमारेषा धूसर होते. त्यातच रुग्णाच्या कंपामुळे चित्र हलण्याची भीती असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डोक्याला धातूची चौकट बसवून सीटी स्कॅन काढतात. संगणक तो आधीच्या एमआरआयशी जुळवतो आणि लक्ष्याला चौकटीच्या मापात अचूक पत्ता मिळतो. रक्तवाहिन्या टाळून तारेचा मार्गही येथेच आखला जातो, कारण वाटेतील एखादी वाहिनी दुखावल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तरीही कवटीला छिद्र पाडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव झिरपून मेंदू किंचित सरकतो. त्यामुळे अनेक ठिकाणी सूक्ष्म तारेने पेशींचे विद्युत्संदेश ऐकून खात्री केली जाते. रुग्णाला जागे ठेवून हात हलवायला, बोलायला सांगतात. या उपचाराने रोग मुळापासून बरा होत नाही. परंतु लक्ष्य अचूक साधले तर स्वतःच्या हाताने घास घेण्याचे स्वातंत्र्य अनेकांना पुन्हा मिळते.