डॉक्टरच निघाले गावोगाव

मैत्रिणींनो, ‘खुपऱ्या’ हा शब्द आठवतो का? आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी तो हमखास असायचा. पापणीच्या आत खरखरीत दाणे उठायचे, वाळू गेल्यासारखं खुपायचं. लहानपणी हा संसर्ग पुन्हापुन्हा झाला की मोठेपणी पापणी आतून आकसते, पापणीचे केस आत वळतात आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. हळूहळू दृष्टीच जाते. आपल्या देशात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली जाहीर केलं.

पण ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशाची गोष्ट ऐका. तिथल्या शहरांतून खुपऱ्या केव्हाच गेल्या होत्या. दूरच्या रखरखीत मुलुखात राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या वस्त्यांत मात्र त्या ठाण मांडून होत्या. १९६८ साली फ्रेड हॉलोज हे नेत्रतज्ज्ञ वॅटी क्रीक या वस्तीत गेले आणि तिथले डोळे पाहून हादरले. शहरात बसून ‘पेशंट येत का नाहीत?’ असं विचारण्यात काय अर्थ? आपणच जायला हवं, नाही का?

आणि ते गेलेच. १९७६ ते १९७८ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टरांची पथकं ४६५ वस्त्यांत फिरली. एक लाखाहून जास्त लोकांचे डोळे तपासले. चष्मे दिले, औषधं दिली, शस्त्रक्रिया केल्या. पुढे हॉलोज यांच्या पत्नी झालेल्या गॅबी याही नेत्रतपासनीस म्हणून त्या फिरतीत होत्या. पथकात अ‍ॅबोरिजिनल कार्यकर्तेही होते. परका माणूस एकदम डोळ्याला हात लावू लागला तर कोण लावू देईल हो? आपल्यातलं कुणी समजावून सांगितलं की मगच विश्वास बसतो.

यात आपल्या बायकांचं एक दुखणं आहे. खुपऱ्यांमुळे पुरुषांच्या मानाने चौपटीपर्यंत बायका आंधळ्या होतात. कारण साधं आहे. संसर्ग मुलांचा आणि मुलं आईच्या कडेवर! हात, पदर, एकच टॉवेल आणि माश्या यांतून तो पसरतो. म्हणूनच औषधाइतकंच महत्त्व स्वच्छ चेहऱ्याला आहे. पण ‘तोंड धुवा’ असं नुसतं सांगून भागत नाही. घरात चालू नळ हवा ना!

२००८ साली तिथे मोठी पाहणी झाली. अ‍ॅबोरिजिनल मुलांची नजर इतर मुलांपेक्षा चांगली निघाली. चाळिशी ओलांडलेल्यांत मात्र अंधत्व इतरांच्या सहापट! म्हणजे दृष्टी जन्मतः अधू नव्हती, उपचाराअभावी ती गेली होती. मोतीबिंदू, न मिळालेला चष्मा आणि मधुमेह ही मोठी कारणं. मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो तो सुरुवातीला न दुखता, न खुपता. म्हणून तपासणीच दारी न्यावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुर्रा गावापासून पर्थ शहर रस्त्याने तीन हजार किलोमीटरांहून लांब आहे. तिथे २०१६ पासून यंत्रसामग्रीसह नेत्रतज्ज्ञांची ‘व्हिजन व्हॅन’ फिरू लागली. त्याच वर्षीच्या पाहणीत सहापटीचं प्रमाण तिपटीवर आलेलं दिसलं. फरक अजून मिटलेला नाही, पण निम्मा झाला.

आपण यातून काय घ्यायचं? घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. एकाच बोटाने सगळ्या मुलांना काजळ घालू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दिसत चांगलं असलं तरीही. आणि गावाकडे नेत्रशिबिर असल्याचं कळलं तर तिथल्या आत्याबाईंना, काकूंना निरोप धाडा. ‘आता या वयात काय करायचंय दिसून?’ असं त्या म्हणतीलच. तरी हाताला धरून घेऊन जा. डॉक्टर गावापर्यंत येतात, पण घरापासून शिबिरापर्यंतची वाट आपल्यालाच चालवावी लागते, बरं का!